कॉपी होणारच! मग दर पाडायचा का?



किमतीवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "सर, आम्ही राबून माल बनवायचा आणि दुसरा कॉपी करून निम्म्यात विकणार. दर पाडू का?"

माझं मत सरळ आहे. पाडू नका. का, ते व्हिडिओ गेमच्या धंद्यातून बघू. कॉपीचा मार त्यांनी भरपूर खाल्लाय.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने 2020 मध्ये 'राजी' हा गेम आणला. त्याआधी 2017 ला लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न फसला होता. काम थांबू नये म्हणून संस्थापकांपैकी एकीने स्वतःचा फ्लॅट विकला. कॉपी करणाऱ्याला यातला एक रुपया तरी पडतो का? नाही ना! मग त्याच्याशी दरात झुंजून कसं जिंकणार? फुकटापेक्षा स्वस्त काय देणार?

पण दुसरी बाजूही ऐका. खर्च वाढला म्हणून 2020 पासून मोठ्या कंपन्यांनी 60 डॉलरचा गेम 70 वर नेला. सोनीने पीएस5 चे स्वतःचे मोठे गेम भारतात 4,999 रुपयांना लावले. आपल्या कोल्हापुरातला कॉलेजचा पोरगा एका गेमला पाच हजार कुठून आणणार? खर्च वाढला हे तुमचं कारण झालं. गिऱ्हाइकाला घ्यायचं कारण वेगळं लागतं.

हे स्टीमने ओळखलं. ती चालवणाऱ्या व्हॉल्व कंपनीचे गेब न्यूएल 2011 मध्येच म्हणाले होते की पायरसी हा बहुतेक वेळा किमतीपेक्षा सेवेचा प्रश्न असतो. 2015 मध्ये स्टीमवर रुपयांत दर आले. शिवाय सेल लागतात, अपडेट आपोआप येतात, व्हायरसची धास्ती नाही. अस्सल घेणं कॉपीपेक्षा सोपं झालं की लोक पैसे देतात.

आता आपल्या चप्पल लाईनवर या. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय मानांकन मिळालं, तरी नकली माल थांबला नाही. कागद हवाच, पण नुसत्या कागदाने गिऱ्हाईक येत नाही. पायाचं माप घेणारा, कातडं कुठलं ते सांगणारा, तुटली तर शिवून देणारा दुकानदार टिकतो.

म्हणून तीन कामं करा. एक, खर्च लिहा, त्यात स्वतःची मजुरी धरा. त्याच्या खाली विकू नका. दोन, कमी खिशाच्या गिऱ्हाइकासाठी साधा किंवा छोटा माल वेगळा काढा. तोच माल स्वस्त करू नका. तीन, कॉपीवाला देऊ शकत नाही अशी एक तरी सेवा द्या.

आणि शेवटचं, जरा टोचेल. तुमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर असेल, तर कॉपीवाल्याला शिव्या देण्याआधी ते काढा. दुसऱ्याच्या कष्टाचे पैसे द्यायला शिकलो, तरच आपल्या कष्टाचे मागताना आवाज खाली जात नाही.