करून पाहा : प्लॉट घेण्याआधी नदी शोधा!

मित्रांनो, समजा तुमचे आई-बाबा दौंडला भीमेच्या बाजूला किंवा शिरूरला घोडनदीच्या अंगाला प्लॉट बघताहेत. रस्ता जवळ, भावही बरा! पण पुराचं पाणी इथे येतं का? उन्हाळ्यात पात्र कोरडं दिसतं, म्हणून हा प्रश्न कुणाला सुचतच नाही. तो तुम्ही विचारा. उत्तर शोधायला संगणक आणि वही-पेन्सिल पुरे.

पहिलं काम : नकाशावर दौंडहून नदीच्या वरच्या अंगाला बोट फिरवत जा. वाळकीजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते. मुठेवरून आणखी वर गेलात की खडकवासला धरण! म्हणजे दौंडला थेंबही पडला नाही, तरी सह्याद्रीतल्या पावसाने भीमा फुगू शकते. शिरूरकरांनो, तुम्ही घोडनदीवरून वर जा. आंबेगाव तालुक्यात डिंभे धरण सापडेल.

दुसरं काम : गूगल अर्थ उघडा. बाण प्लॉटवर ठेवलात की समुद्रसपाटीपासूनची उंची दिसते. ती लिहून घ्या. मग नदीच्या पात्राची आणि जवळच्या ओढ्याचीही लिहा. आता वजाबाकी करा. ओढा कशाला, म्हणाल? अहो, नदी फुगली की ओढ्याचं पाणी तिच्यात शिरत नाही, उलट मागे पसरतं. नदीपासून लांबची घरंही अशीच बुडतात. आणि बरं का, या उंचीत काही मीटरची चूक असू शकते. फरक थोडा असेल तर निर्धास्त राहू नका.

तिसरं काम मोठ्यांचं : जलसंपदा विभागाच्या कार्यालयात गट नंबर सांगून पूररेषा विचारायची. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत घर बांधायला मनाई असते, दोन्ही रेषांच्या मधे अटी असतात.

'100 वर्षांतून एकदा' म्हणजे आज पूर आला की 100 वर्षं सुट्टी, असं मात्र नाही हं! पिशवीत 100 चिठ्ठ्या आहेत, त्यांतली एक तांबडी. दरवर्षी एक काढायची आणि परत टाकायची. तांबडी लागोपाठ दोनदासुद्धा निघेल! तांबड्या रेषेच्या अगदी काठावर 25 वर्षं राहिलात, तर निदान एकदा पाणी दारात येण्याची शक्यता शेकडा 22 आहे. निळ्या रेषेच्या काठावर तीच शेकडा 64!

शेवटी गावातल्या आजी-आजोबांना विचारा, "पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं?" संगणकाला ती पायरी ठाऊक नसते.

हे सारं वहीच्या एका पानावर लिहा आणि आई-बाबांना दाखवा. पण कागदावर सही होण्याआधी हं, नंतर नव्हे!