विजयेचं तेल आणि किल्लारीची पहाट

हल्ली आमच्या रेणापुरात बचत गटाच्या बैठकीला हप्त्यांचा हिशेब झाला, की एक नवाच विषय निघतो. ‘विजया’ नावाचं तेल. विजया म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आपली भांग! कुणाच्या तरी मुलानं मोबाईलवर बघितलेलं असतं, की लढाईवरून परतलेल्या अमेरिकेतल्या सैनिकांना भांग-गांजाच्या औषधानं शांत झोप लागते. मग लगेच विचारणा, “ताई, आमच्या सासूबाईंना देऊन बघावं का? किल्लारीपासून झोप नाही हो त्यांना.”

मैत्रिणींनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे तीन वाजून छप्पन मिनिटं. गणपती बोळवून दमूनभागून झोपलेली गावं दगडमातीच्या जाड भिंतींखाली गेली. हजारो माणसं गेली. जी वाचली त्यांना सरकारनं पुढं पक्की घरं बांधून दिली, पण छताखाली झोपायची भीती काही गेली नाही. कित्येकांनी वर्षानुवर्षं रात्र बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये काढली. रस्त्यानं मोठा ट्रक गेला नि मांडणीवरची भांडी वाजली, की अंगणात धावत सुटणाऱ्या बायका मी स्वतः पाहिल्या आहेत. लातूरच्या कुठल्याही तालुक्यात जा, किल्लारीकडची एखादी लेक नाहीतर सून भेटतेच.

डॉक्टर याला आघातोत्तर ताण विकार म्हणतात, पीटीएसडी. झालेली घटना मनात पुन्हा पुन्हा घडत राहते, झोप उडते, माणूस दचकत जगतो. आपल्याकडच्या भूकंपग्रस्तांची तपासणी करून काही मानसोपचारतज्ज्ञांनी १९९६ साली एका अमेरिकी नियतकालिकात लिहिलं. तपासलेली माणसं थोडीच होती, पण त्यातल्या निम्म्याहून अधिकांना मानसिक आजार निघाला, मुख्यतः हाच आणि नैराश्य. जगभरात हा आजार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये साधारण दुपटीनं आढळतो. त्याला भूकंपच लागतो असंही नाही. नवऱ्याचा देह शेतातल्या झाडावर बघितलेली बाई, रोज मार खाणारी बाई... आपल्या आसपास काय कमी आहेत?

आता भांगेचं. हे सगळंच थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. आपल्या मेंदूत भांगेतल्या द्रव्यासारखं एक द्रव्य मुळातच तयार होतं. १९९२ मध्ये इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी ते शोधलं आणि आपल्या संस्कृतातल्या ‘आनंद’ शब्दावरून त्याला ‘आनंदामाइड’ नाव दिलं. भीतीची आठवण हळूहळू बोथट होण्यात या यंत्रणेचा हात असतो. २००२ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं, की ही यंत्रणा बंद पाडली तर धोका टळल्यावरही उंदीर घाबरतच राहतात. म्हणजे शास्त्रज्ञांची आशा अगदीच वाऱ्यावरची नाही.

पण उंदीर वेगळा, माणूस वेगळा. कॅनडात २०१५ मध्ये दहा सैनिकांना नॅबिलोन नावाचं, प्रयोगशाळेत बनवलेलं याच जातीचं औषध दिलं, तेव्हा त्यांची भयानक स्वप्नं कमी झाली. चांगली गोष्ट आहे, पण माणसं दहाच! २०२१ मध्ये अमेरिकेत ऐंशी माजी सैनिकांवर प्रयोग झाला. काहींना खरा गांजा ओढायला दिला, काहींना नशेचं द्रव्य काढून टाकलेला. तीन आठवड्यांनी बरं सगळ्यांनाच वाटलं, अगदी खोटा गांजा ओढणाऱ्यांनाही. दोघांत म्हणावा असा फरक निघाला नाही. आणि २०२३ च्या तिथल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत या आजारासाठी गांजा वापरू नका असंच सांगितलं आहे. ज्या अमेरिकेचं नाव सांगून तेल खपवतात, तिथलीच ही गोष्ट.

आणखी एक, जे विकणारा सांगत नाही. भांगेतल्या नशेच्या द्रव्यानं स्वप्नं दबतात खरी, पण रोज घेऊन एकदम बंद केलं की ती दुप्पट जोरानं येतात. मग बाटली सुटत नाही. तरण्या पोरांमध्ये तर भ्रम, संशय असे आजार बळावण्याचा धोका असतो. म्हाताऱ्या माणसाला चक्कर येऊन पडण्याची भीती वेगळीच.

कायदाही समजून घ्या. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं गांजा आणि चरस यांना बंदी आहे. नुसतं पान त्यात येत नाही, म्हणून आयुर्वेदिक औषधांत विजया चालते. पण ती वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. चिठ्ठीशिवाय, लेबलाशिवाय पिशवीतून येणारी बाटली म्हणजे औषध नव्हे. तिच्यात किती काय आहे, कोण सांगणार?

मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. महाशिवरात्रीला पुरुषांनी भांग घेतली की तो प्रसाद, आणि बाईला तीस वर्षं झोप नाही तर ते ‘तिचं नेहमीचंच’! तेलाचे चार थेंब दुधात घालून दिले की ती गप्प पडते, घरही निवांत होतं. तिचं ऐकायला कुणाला बसावं लागत नाही. पण या आजारावर ज्या उपचारांचा सगळ्यात भक्कम आधार आहे, ते नेमके बोलण्याचे आहेत. जाणत्या समुपदेशकापुढं, हळूहळू, पुन्हा पुन्हा त्या पहाटेबद्दल बोलायचं, टाळलेल्या गोष्टींना थोडं थोडं सामोरं जायचं. जोडीला डॉक्टरांनी दिलेल्या सर्ट्रालीनसारख्या गोळ्या. हे आपल्या ग्रामीण रुग्णालयात दर आठवड्याला का मिळू नये? रस्ता नि पाणी मागायला आपण मोर्चे काढतो, समुपदेशक मागायला कधी गेलो का? पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडायचा, असं आमच्या गटानं ठरवलं आहे.

तोवर एक नंबर भिंतीवर लिहून ठेवा, १४४१६. ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा २०२२ पासून सुरू आहे. रात्री-बेरात्री लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं. सासूबाईंना मोबाईल लावता येत नसेल तर तुम्ही लावून द्या, आणि त्या बोलत असताना जरा बाजूच्या खोलीत जाऊन बसा. सगळ्यांसमोर बायका बोलत नाहीत.