पिल्लाला मारू नका, खेळ थांबवा

पिल्लू हाताला दात लावायला लागलं की घरात सल्ले सुरू होतात. नाकावर टिचकी मारा. तोंड मुठीत गच्च धरून ठेवा. वर्तमानपत्राची गुंडाळी करून एक ठेवून द्या. उताणं पाडून जमिनीवर दाबून धरा, म्हणजे मालक कोण ते त्याला एकदाच कळेल. शेजारी सांगतात, नातेवाईक सांगतात, पैसे घेऊन घरी शिकवायला येणारी काही मंडळीही सांगतात. यातलं काहीही करू नका.

शेवटच्या सल्ल्याला शास्त्राचा आधार असल्याचं सांगितलं जातं, म्हणून तो जास्त घातक. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांच्या वागण्यावर लिहिलं. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकातून कळपाच्या ‘अल्फा’ची, म्हणजे मारामारी जिंकून झालेल्या प्रमुखाची, कल्पना जगभर पोचली. पुढे मेक यांनीच रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. तिथे मारामारी जिंकून कुणी प्रमुख होत नाही. लांडग्यांच्या अभ्यासकानं सोडून दिलेली ही कल्पना आपल्या दिवाणखान्यात दोन महिन्यांच्या पिल्लावर अजून चालवली जाते, याची मला चीड येते.

पिल्लाला हात नसतात. वस्तू असो की माणूस, ते सगळं तोंडानंच चाचपून बघतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दुधाचे दात येतात, एकूण २८, बारीक आणि टोकदार. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. मधल्या काळात हिरड्या शिवशिवतात. चपला, टेबलाचे पाय, साडीचा काठ, काही सुटत नाही.

पण दात किती जोरात लावायचे, याचं शिक्षण त्याच्याही आधी सुरू झालेलं असतं. भावंडांशी झोंबताना एकानं जास्त जोर लावला की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. दूध पिताना दात रुतला की आई उठून बाजूला होते. खेळ हवा असेल, दूध हवं असेल, तर जबडा सैल ठेवावा लागतो. अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी कुत्र्यांच्या वाढीचा दीर्घ अभ्यास केला. १९६५ च्या त्यांच्या ग्रंथात इतरांत मिसळायला शिकण्याचा हा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा मांडला आहे.

आणि आपण पिल्लू घरी कधी आणतो? महिन्याचं असताना. ओंजळीत मावेल एवढं पिल्लू सगळ्यांना हवं असतं आणि विकणाऱ्यालाही ते लवकर खपवायचं असतं, कारण पुढचे चार आठवडे सांभाळायचं तर खाणं, जंताचं औषध, लस, सगळा खर्च त्याच्या माथी. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायला केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्रीविषयीच्या नियमांनी मनाई आहे. तरी ‘३० दिवसांची पिल्लं’ अशा जाहिराती उघडपणे फिरतात. आई आणि भावंडं जे फुकट आणि अचूक शिकवतात, ते त्या पिल्लाच्या वाट्याला येतच नाही. मग ते कडकडून चावतं आणि मार खातं. आई आणि भावंडं समोर दाखवत नसतील तिथून पिल्लू घेऊ नका, वय विचारा, आठ आठवडे झाले नसतील तर थांबा.

घरी आलेल्या पिल्लाचं ते राहिलेलं शिक्षण आपल्याला पुरं करायचं असतं. इयन डनबार या पशुवैद्यांनी त्याचा क्रम नीट सांगितला आहे: आधी चाव्याचा जोर कमी करायचा, दात लावणं पूर्ण बंद करायचं ते नंतर. मला हा क्रम शंभर टक्के पटतो. उद्या मोठ्या कुत्र्याच्या शेपटीवर कुणाचा पाय पडेल, दारात पंजा चिमटेल आणि दुखण्याच्या भरात ते तोंड टाकेल. त्या क्षणी हातावर नुसती लाळ लागते की टाके पडतात, हे या पहिल्या महिन्यांत ठरतं.

करायचं ते असं. जमिनीवर बसून खेळताना दात जोरात लागला की हात झटकू नका. मागे पळणारा हात पकडायला पिल्लाला आणखी चेव येतो. हात सैल सोडा, नेहमीच्या आवाजात एकदाच ‘आई गं’ म्हणा, उठा आणि पाठ फिरवा. फार तर अर्धा मिनिट. मग परत बसा. पुन्हा जोरात चावलं, पुन्हा उठा. काही पिल्लं आपल्या आवाजानंच जास्त उसळतात. तिथे तोंडातून अवाक्षर न काढता उठायचं. जोरात चावणं थांबलं की मग हलके दात लागले तरी उठायचं. शेवटी कातडीला दात टेकला की खेळ संपला, एवढंच उरतं. हाताशी जुन्या सुती कापडाची घट्ट वेणी ठेवा, फ्रिजमधलं गार गाजर द्या. चावायची हौस चूक नाही, तिला जागा हवी.

संध्याकाळी सात-साडेसातला पिल्लू वेड्यासारखं चावतं, अशी तक्रार फ्लॅटमधून हमखास येते. कामावरून सगळे एकदम घरी येतात, प्रत्येकाला खेळायचं असतं, आणि एवढ्या वयाचं पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपणारं असतं. ते पेंगुळलेलं असतं, किरकिर करत असतं. त्याला कोपऱ्यात, अंधारात निजवा.

खरी अडचण मात्र माणसांची. दादा पंजा नाचवत कुस्ती खेळतो, चावलं की हसतो. तेच पिल्लू आजोबांच्या हाताला लागतं तेव्हा पातळ कातडीतून भळभळ रक्त येतं आणि मार पिल्लाला बसतो. एकाला चावलेलं चालतं आणि दुसऱ्याला नाही, हे दोन महिन्यांच्या जिवानं कसं ओळखायचं? घरात नियम एकच हवा, आणि तो पाहुण्यांनाही सांगायला लाजू नका. मुलांना शिकवा: पिल्लू अंगावर आलं की किंचाळत पळायचं नाही, जागच्या जागी थांबायचं आणि हात छातीशी घ्यायचे.

एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली पाहिजे. दात लागून ओरखडा उठला तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि रेबीजच्या लशीचं विचारा. पिल्लाला स्वतःला ही लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर मिळते, म्हणजे सगळ्यात जास्त चावण्याच्या वयात ते लशीविना असतं. घरचंच आहे, लहान आहे, म्हणून सोडून देऊ नका.

खेळातलं चावणं आणि खरा राग यांतला फरकही ओळखायला हवा. खेळणारं पिल्लू अंगानं सैल असतं, पुढचे पाय टेकून मागचा भाग उचलतं, उड्या मारतं. जेवणाच्या ताटलीशी किंवा हाडाशी गेल्यावर ते जागीच ताठ झालं, नजर रोखली, ओठ वर गेले आणि गुरगुरलं, तर ते निराळं. गुरगुरण्याबद्दल मारू नका. मार खाल्लेलं कुत्रं गुरगुरणं सोडतं आणि पुढच्या वेळी काही न सांगता थेट चावतं. मागे व्हा, ताटलीतलं त्याला निवांत खाऊ द्या आणि त्याच आठवड्यात पशुवैद्यांना दाखवा. मोठं झालं की सुधारेल म्हणून थांबू नका.