घर आणि कार्य यांची वजाबाकी

काही महिन्यांपूर्वी प्रवासात एका जुन्या कार्यकर्त्याच्या घरी मुक्काम करण्याचा योग आला. बैठक आटोपून घरी परतायला रात्रीचे साडेअकरा वाजले. वहिनींनी पाने वाढली. जेवताना आम्ही मुलाची चौकशी केली, तेव्हा तो यंदा कितवीत आहे हे सांगण्यासाठी यजमानांना वहिनींकडे पाहावे लागले. वहिनी हसून म्हणाल्या, “भाऊ, यांना तालुक्यातला प्रत्येक कार्यकर्ता नावानिशी ठाऊक आहे. घरचं तेवढं मला विचारावं लागतं.” बोलण्यात तक्रार नव्हती, पण आम्हाला बराच वेळ झोप लागली नाही. आमच्या घरी हाच प्रश्न कोणी विचारला असता, तर आमची अवस्था वेगळी झाली नसती.

सार्वजनिक कार्यात पडलेल्या माणसाची एक समजूत असते. घराला दिलेला वेळ म्हणजे कार्यातून वजा झालेला वेळ, असे तो मानतो. या समजुतीला आपण त्यागाचे नाव देतो. मात्र त्याची किंमत पुष्कळदा घरातील माणसे मोजत असतात आणि त्यांची संमती आपण कधी विचारलेली नसते.

या संदर्भात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे उदाहरण आठवते. सरकारी नोकरीतील न्यायदान, सार्वजनिक सभा, प्रार्थना समाज, सामाजिक परिषद, अर्थशास्त्र आणि इतिहास यांवरील लेखन इतका त्यांच्या कामाचा व्याप होता. १८७३ मध्ये, पहिल्या पत्नीच्या निधनानंतर, वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या सुधारकाचे हे वर्तन अनेकांना रुचले नाही आणि ती टीका अनाठायी नव्हती. परंतु त्यानंतर त्यांनी जे केले, ते आपण विचारात घेण्यासारखे आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या पत्नीला त्यांनी स्वतः शिकवायला घेतले. आधी मराठी, मग इंग्रजी. घरातील वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे रमाबाईंना सोसावे लागले, पण शिक्षण थांबले नाही.

१९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले. पुढे रमाबाईंनी पुण्याच्या सेवासदनाचे नेतृत्व केले. शिक्षिका आणि परिचारिका म्हणून स्वतःच्या पायांवर उभ्या राहणाऱ्या स्त्रिया तेथून घडल्या. १९२४ मध्ये निधन होईपर्यंत त्या कार्यरत होत्या. घरात शिकवण्यात गेलेल्या त्या तासांची नोंद कोणत्याही सभेच्या इतिवृत्तात नसेल. पण न्यायमूर्तींच्या पश्चात दोन दशकांहून अधिक काळ त्यांचे फळ समाजाला मिळत राहिले.

याचा अर्थ घरातील प्रत्येकाला कार्याला जुंपावे असा नव्हे. माणूस घडवणे हे नेतृत्वाचे खरे काम असेल, तर त्याची पहिली परीक्षा घरात होते, एवढेच आम्हाला म्हणायचे आहे. व्यासपीठावर आपले गुण दिसतात. घरात आपला संयम, ऐकून घेण्याची सवय आणि दिलेला शब्द पाळण्याची वृत्ती तपासली जाते. तेथे जो उणा पडतो, तो बाहेर फार काळ पुरा पडत नाही.

आज तर अडचण अधिक वाढली आहे. पूर्वी घरी आलेला माणूस निदान घरी असे. आता तो जेवणाच्या पानावर असला, तरी हातातील भ्रमणध्वनीमुळे मनाने बैठकीतच असतो.

उपाय फार मोठे नाहीत. आठवड्यातील एक संध्याकाळ घरासाठी राखावी आणि बैठकीइतक्याच काटेकोरपणे पाळावी. आपल्यावाचून बैठक होऊच शकत नसेल, तर त्याचा अभिमान बाळगू नये. दुसरी फळी उभी करण्यात आपण कमी पडलो, हे ओळखावे. जो सहकाऱ्यांवर काम सोपवू शकतो, तोच निश्चिंतपणे घरी जाऊ शकतो.

त्या मुक्कामाहून परतल्यावर आम्ही दर गुरुवारची संध्याकाळ घरासाठी राखून ठेवली. पहिल्याच गुरुवारी दोन निरोप आले आणि दोन्ही कामे तरुण सहकाऱ्यांनी आमच्याशिवाय, उत्तम रीतीने पार पाडली. थोडे वाईट वाटले, हे कबूल केले पाहिजे. परंतु त्या दिवशी घरी सर्वांबरोबर जेवायला बसलो, तेव्हा हे पाऊल पूर्वीच उचलायला हवे होते, असेच मनाला वाटत राहिले.