स्वच्छ चित्र, स्पष्ट शब्द

घरात एखादी मोठी वस्तू आणावयाची झाली, की तिची चर्चा आधी माजघरात होते आणि मग बाजारात. पितळेचे भांडे आपण बोटाने वाजवून पाहतो, तांदूळ मुठीत घेऊन फुंकर मारतो, साडीचा पदर उजेडात धरतो. दूरचित्रवाणीचा संच घेताना मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचे हे व्यवहारज्ञान आपण दुकानाच्या पायरीवर ठेवून आत शिरतो. भिंतभर झगझगीत पडदे ओळीने लावलेले असतात. कशावर मोराचा पिसारा, कशावर समुद्राचे निळे पाणी. डोळे दिपतात आणि दहा मिनिटांत पावती फाटते.

२०२५ च्या २२ सप्टेंबरपासून ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ज्याची मूळ किंमत २०,००० रुपये, तो संच पूर्वी २५,६०० रुपयांना पडे. तो २३,६०० रुपयांना पडू लागला. तेव्हापासून बेळगावच्या खडे बाजारात काय किंवा निपाणीकडून कोल्हापुरास जाणाऱ्या गिऱ्हाइकांत काय, हा विषय पुष्कळ घरांत निघालेला दिसतो. शाळेत भेटावयास आलेले पालकही मुलाच्या गुणांची चौकशी झाली, की उठता उठता विचारतात, ‘सर, टीव्ही कोणता घ्यावा हो?’ मराठीच्या शिक्षकाला हा प्रश्न कशासाठी, असे प्रथम वाटे. पण विचार करू गेल्यावर दिसले, की आपल्या सीमाभागातील घरांत हा प्रश्न सुरू कोठूनही झाला तरी अखेर मराठीपाशीच येऊन थांबतो. तो कसा, हेच आज वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला. तेथील आरंभीच्या निर्मात्यांत पु. ल. देशपांडे होते, आणि त्याआधी काही काळ ते आमच्या बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात मराठी शिकवीत होते, हे सांगताना बेळगावकराला थोडा अभिमान वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ साली चित्र रंगीत झाले. परंतु कृष्णधवल असो की रंगीत, त्या काळचे चित्र ६२५ ओळींचे होते आणि त्यांतील ५७६ ओळीच प्रत्यक्ष पडद्यावर उमटत. अंकीय रूपात त्या चित्राचे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके होतात. आज ज्याला ‘फुल एचडी’ म्हणतात, त्यात १०८० ओळी आणि प्रत्येक ओळीत १९२० ठिपके असतात. म्हणजे एकूण २० लाख ७३ हजारांहून अधिक, जुन्या चित्राच्या बरोबर पाचपट. ‘फोर के’ म्हणून जे विकतात, त्यात याच्याही चौपट ठिपके असतात. स्वस्त संचांवर ‘एचडी रेडी’ अशी पट्टी असते. त्यात बहुधा ७६८ च ओळी असतात. पट्टी वाचताना हा भेद ध्यानात ठेवावा.

मग जितके ठिपके अधिक तितके चांगले असे समजावे काय? येथेच आपल्या घराची मोजपट्टी हाती घ्यावी. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाहून बारीक तपशील वेगळा दिसत नाही. या हिशेबाने फुल एचडीचे सारे बारकावे दिसण्यासाठी पडद्याच्या उंचीच्या सुमारे सव्वातीन पट अंतरावर, किंवा त्याहून जवळ, बसावे लागते. ४३ इंची पडद्याची उंची सुमारे २१ इंच असते; म्हणजे हे अंतर साडेपाच फुटांच्या आसपास येते. आपल्या जुन्या घरांतील सोप्यात संच एका भिंतीला आणि बैठक समोरच्या भिंतीला असते. मध्ये सहज दहा फूट अंतर पडते. तितक्या अंतरावरून ४३ इंची संच फुल एचडी आहे की फोर के, हे ओळखणे डोळ्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. दुकानात आपण तीन फुटांवर उभे राहून जो फरक पाहतो आणि ज्याचे पैसे मोजतो, तो फरक घरी पोहोचतच नाही. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी बैठकीपासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजून कागदावर लिहून न्यावे. हा कागद जाहिरातीच्या कागदाहून अधिक उपयोगी पडतो.

आणखी दोन गोष्टी. नवा संच आणल्यावर ‘जुन्यापेक्षाही चित्र वाईट दिसते’ अशी तक्रार पुष्कळांच्या तोंडी असते. बहुधा दोष संचाचा नसतो. जुनाच डबा, त्याच लाल, पांढऱ्या, पिवळ्या वायरींनी नव्या संचाला जोडलेला असतो. साधे चित्र मोठ्या पडद्यावर ताणले, की ते धुरकटच दिसणार. डबा एचडी हवा, वाहिनी एचडी हवी आणि जोडणी एचडीएमआय वायरीने हवी. या तिन्हींपैकी एक जरी उणे असले तरी नव्या पडद्याचा खर्च वाया जातो. दुसरे असे, की जुने कार्यक्रम ४:३ या आकाराचे, तर नवा पडदा १६:९ चा. चित्र पडदाभर ताणण्याची सोय चालू राहिली, की माणसे एक तृतीयांशाने रुंद होतात. जुन्या चित्रपटातील शेलाटी नायिका अशी अंगाने भरलेली पाहून घरातील वडीलधाऱ्यांना वाईट वाटते, आणि ते योग्यच आहे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. तो पडद्याचा अपव्यय नव्हे, जुन्या माणसांचा मान राखणे आहे.

डोळ्यांचे इतके कौतुक होते, परंतु कानांची विचारपूस कोणी करीत नाही. पूर्वीच्या लाकडी पेटीच्या संचात ध्वनिवर्धकाला पोटभर जागा असे आणि आवाज समोर येई. आजचा संच बोटभर जाडीचा. त्याचे ध्वनिवर्धक इवलेसे, आणि तोंड खाली किंवा भिंतीकडे केलेले. पार्श्वसंगीत दणदणते आणि संवाद पुटपुटल्यासारखे होतात. आमच्या एका स्नेह्यांच्या ऐंशी वर्षांच्या मातोश्री नवा संच पाहून म्हणाल्या, ‘सगळं लख्ख दिसतंय रे बाबा, पण बोलालेत काय ते कळंना.’ या एका वाक्यात साऱ्या परीक्षेचा सार आहे. दुकानात मोराचा पिसारा पाहत बसण्यापेक्षा एखादी बातमी किंवा संवाद लावण्यास सांगावे, डोळे मिटावेत आणि शब्द कळतो का ते पाहावे. बहुतेक संचांत संवाद स्पष्ट करणारी आवाजाची वेगळी योजना असते. ती घरच्या वृद्धांसमक्ष लावून घ्यावी. संच भिंतीवर दारापेक्षा उंच टांगण्याची जी रीत पडली आहे, तीही सोडावी. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला पडद्याचा मध्य आला, म्हणजे मान दुखत नाही.

आपल्या भागाचे हवामानही विचारात घ्यावे लागते. छपरावरील लहान डिश ज्या लहरी पकडते, त्या मुसळधार पावसात क्षीण होतात. त्यामुळे ऐन आषाढात चित्र गोठते, तुटते. त्यात संचाला दोष देऊन उपयोग नाही. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या, की नुसते बटण बंद करून भागत नाही. विजेचा प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढून ठेवावीत.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. संच भिंतीवर लागला, डबा जोडला. आता त्यातून येणार काय? कर्नाटकातील पत्ता दिला, की विक्रेता बहुधा कन्नड वाहिन्यांचा गठ्ठा पुढे करतो. त्याच्या दृष्टीने ते स्वाभाविक आहे, आणि ज्या राज्यात आपण राहतो त्या राज्याची भाषा घरात ऐकू यावी, हे आपल्याही हिताचे आहे. शेजाऱ्याशी त्याच्या भाषेत दोन शब्द बोलता येणे हा सीमेवरील माणसाचा जुना संस्कार होय. परंतु मराठी वाहिन्या त्या गठ्ठ्यात आपोआप येतील, असे गृहीत धरू नये. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नव्या नियमांनुसार १ फेब्रुवारी २०१९ पासून ग्राहकाला प्रत्येक सशुल्क वाहिनी सुटी निवडता येते. हा हक्क आपल्यापैकी फारच थोडे वापरतात. एकाच वाहिनीचे साधे आणि एचडी असे दोन अवतार असतात, त्यांचे दर निराळे असतात, आणि वाहिन्यांची संख्या मोजताना एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांइतकी धरतात. तेव्हा घरातील सर्वांनी एकत्र बसून यादी करावी: आजीच्या दोन, मुलांची एक, बातम्यांची एक, कन्नडची एक. ज्यांना दरमहाचा खर्च नको, त्यांच्यासाठी २००४ सालापासून दूरदर्शनची निःशुल्क डिश आहे. तिच्यावर सह्याद्रीही दिसते आणि चंदनाही. त्यातील बहुतेक वाहिन्या साध्या स्पष्टतेच्या आहेत, इतकेच.

पण मराठी वाहिनी लागली म्हणजे मराठी घरात आली, असेही नव्हे. सातवीतील एका मुलीने वर्गात सांगितले, ‘आमची आजी चुकीचं मराठी बोलते, टीव्हीतलं बरोबर असतं.’ आजीचा अपराध एवढाच, की ती ‘काय करालास?’ असे विचारते. मालिकांतील मराठी बहुधा पुण्या-मुंबईची. २०१६ साली ‘तुझ्यात जीव रंगला’ सुरू झाली आणि पडद्यावरचा नायक कोल्हापुरी बोलू लागला, तेव्हा आमच्याकडील घरांत झालेला आनंद मला आठवतो. आपल्यासारखे बोलणारा कोणी तरी तेथे आहे, हे पाहण्याची भूक किती असते ते तेव्हा उमगले. त्या मुलीला मी एवढेच सांगितले, की अण्णा, अक्का आणि ताटातले तूप हे शब्द ज्या कन्नडच्या शेजारातून मराठीत आले, त्याच शेजारात तुझ्या आजीची बोली घडली आहे. ती चूक नव्हे, ती वडिलोपार्जित ठेव आहे. प्रमाण मराठी शाळेत शिकावी. पण तिच्या जोरावर आजीला गप्प करू नये. पडदा कितीही लख्ख असला तरी तो घरातल्या आवाजापेक्षा मोठा होता कामा नये.

दुसरी काळजी याहून गंभीर आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणारी आपली पुष्कळ मुले मराठी बोलतात, ऐकतात. पण वाचताना अडखळतात. मराठी त्यांच्या कानांत आहे, डोळ्यांत नाही. दूरचित्रवाणीने हे काम होईल काय? एक मार्ग आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत ब्रिज कोठारी यांनी १९९६ साली एक साधा विचार मांडला: पडद्यावर जी भाषा ऐकू येते, त्याच भाषेच्या ओळी खाली दाखवाव्यात. पुढे दूरदर्शनवरील हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमांत तशा ओळी आल्या. ऐकलेला शब्द त्याच क्षणी लिहिलेला दिसतो आणि डोळा नकळत वाचू लागतो. जुन्या लहान, धूसर पडद्यावर जोडाक्षरे आणि वेलांट्या एकमेकींत मिसळून जात. नवा पडदा या एका कामासाठी खरोखर उपकारक आहे. दहा फुटांवरूनही अक्षर स्वच्छ वाचता येते. म्हणून ज्या गाण्याखाली, ज्या चित्रपटाखाली देवनागरी ओळी मिळतील, ते मुलांसाठी मुद्दाम निवडावेत. संचावरील सूचना मराठीत दिसतात काय, हे दुकानातच विचारावे. दिसत असतील तर तशाच ठेवाव्यात. रिमोट हाती घेणारे मूल दिवसाकाठी दहा शब्द तरी मराठीत वाचील.

वेळेचे पथ्य मात्र हवेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे, की दोन ते चार वर्षांच्या मुलांना पडद्यासमोर दिवसात एका तासाहून अधिक बसवू नये, आणि वर्षाच्या आतील बालकाला तर मुळीच नको. मोठ्यांसाठी असा नियम तिने केलेला नाही. तो ज्याने त्याने आपल्या घरात करावयाचा आहे. जेवणाच्या वेळी संच बंद, एवढा एकच नियम पाळला तरी दिवसातून दोन वेळा घरातील माणसे एकमेकांशी बोलतील. सीमाभागातील मुलाला मराठीचा सर्वांत मोठा तास हाच मिळतो. त्या तासाला ना शुल्क आहे, ना वेळापत्रक, ना पाऊस आला म्हणून तो तुटतो.

तेव्हा संच अवश्य घ्यावा, अंतर मोजून घ्यावा, कान लावून घ्यावा, यादी करून वाहिन्या घ्याव्यात. पुढल्या महिन्यापर्यंत ज्यांच्या घरी नवा पडदा येईल, त्यांनी पहिल्या दिवशी रिमोट घरातील सर्वांत वृद्ध माणसाच्या हाती द्यावा, आणि पडद्यावरील अक्षरे वाचून दाखविण्याचे काम सर्वांत लहान मुलाकडे सोपवावे. ही दोघे शेजारी बसली, की संच कोणता घेतला हा प्रश्न फारसा महत्त्वाचा राहत नाही.