‘हिरवे’ म्हणजे निर्धोक नव्हे

संत्र्याची साल पाण्यात उकळायची, अर्क गाळून घ्यायचा, त्यात झिंक नायट्रेट मिसळून तापवायचे आणि उरलेला लगदा भट्टीत भाजायचा. हाती येते झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांची पांढुरकी भुकटी. साल नसेल तर कडुनिंब किंवा तुळशीचा पालाही चालतो. नागपूरसारख्या शहरात कच्च्या मालाला तोटा नाही. विदर्भात या विषयाचा अभ्यासही जुना आहे. अमरावती विद्यापीठातील महेंद्र राय व सहकाऱ्यांनी चांदीच्या नॅनोकणांच्या जंतुनाशक गुणांचा घेतलेला आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या संशोधकांनी त्याचा आधार घेतला.

अशा कणांना ‘हरित’ म्हटले जाते. विषारी रसायनाऐवजी वनस्पतीचा अर्क वापरला, एवढाच त्याचा अर्थ. तो बनवण्याच्या पद्धतीबद्दल आहे, बनलेल्या वस्तूबद्दल नाही. भट्टीत ४०० अंशांच्या वर तापमान गेले की वनस्पतीचा बहुतेक अंश जळून जातो. झिंक नायट्रेट तापताना नायट्रोजनचे घातक वायूही सुटतात. मागे उरते ते झिंक ऑक्साइडच, मग ते तुळशीतून आलेले असो वा कारखान्यातून.

जंतू मेले की प्रयोग यशस्वी, असे पुष्कळदा मानले जाते. पण जो कण जंतूला मारतो, तो मातीतल्या उपयोगी जिवाणूंना आणि पाण्यातल्या जीवांना सोडेलच असे नाही. झिंक ऑक्साइडचे कण पाण्यात विरघळून जस्ताचे आयन सोडतात. पिकाला जस्त हवे असते, पण थोडे. जलचरांना जास्त जस्त मारक ठरते. ‘डाफ्निया’ या पाण्यातल्या इवल्याशा जीवावर ४८ तासांची चाचणी घेण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे. त्याबरोबर नुसता अर्क, नुसते जस्ताचे क्षार आणि साधे झिंक ऑक्साइड यांचीही चाचणी हवी. त्याशिवाय परिणाम नेमका कशाचा, हे कळत नाही. शिवाय पावसाळ्यातला पाला आणि उन्हाळ्यातला पाला सारखा नसतो. म्हणून एकाच घाण्यावर निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

हा वाद केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. २०२१ मध्ये नॅनो युरियाला खत नियंत्रण आदेशात स्थान मिळाले आणि ‘नॅनो’ हा शब्द शेतकऱ्याच्या बांधावर पोहोचला. शेतीसाठीच्या नॅनो उत्पादनांचे मूल्यमापन कसे करावे, याच्या मार्गदर्शक सूचना केंद्राने २०२० मध्येच काढल्या आहेत. त्यांची सवय विद्यार्थ्यांना पदव्युत्तर प्रकल्पापासूनच लागायला हवी.

नागपुरात १९५८ पासून ‘नीरी’सारखी पर्यावरण संशोधन संस्था आहे, विद्यापीठ आहे, कापूस आणि लिंबूवर्गीय फळांच्या राष्ट्रीय संशोधन संस्था आहेत. त्यांनी मिळून महाविद्यालयांसाठी परवडणाऱ्या दरात विषारीपणा तपासण्याची सामायिक सोय उभी करावी. विद्यापीठानेही ‘हरित’ नॅनोकणांच्या प्रबंधात अशा चाचणीचे एक प्रकरण सक्तीचे करावे. शहराच्या गटारात सोडलेले नाग नदीतून कन्हानला, पुढे वैनगंगेला आणि गोसेखुर्दच्या जलाशयाला मिळते. त्या पाण्यावर मासेमारी आणि शेती करणाऱ्यांना भुकटी कोणत्या पाल्यातून आली याच्याशी कर्तव्य नसते. ती पाण्यात काय करते, याच्याशी असते.