आडनावाचा सक्तीचा रकाना

कार्यालयात किंवा कॉलेजात तुम्ही संगणकावर नाव आणि पासवर्ड टाकता. त्याच पासवर्डवर वायफाय चालतं, ईमेल उघडतो, प्रिंटर कागद देतो. या प्रत्येक यंत्राला तुमची ओळख वेगळी पाठ नसते. सगळी मागच्या एकाच सर्व्हरला विचारतात : हा माणूस कोण, आणि याला आत घ्यायचं का? त्याला डिरेक्टरी सर्व्हर म्हणतात. मायक्रोसॉफ्टचं अॅक्टिव्ह डिरेक्टरी, मुक्त स्रोतातलं ओपनएलडॅप, ३८९ डिरेक्टरी सर्व्हर ही त्यातली परिचित नावं. अशा डिरेक्टऱ्या उभ्या करणं आणि सांभाळणं हे माझं काम आहे.

यासाठी काय काय लागतं, असं विचारलं की लोक रॅम आणि पोर्ट सांगतात. तेही सांगून टाकतो. सर्व्हर किमान दोन हवेत, एक पडला तर दुसऱ्यानं काम चालवावं म्हणून. घड्याळं जुळलेली हवीत. अॅक्टिव्ह डिरेक्टरीत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की लॉगिन अडू लागतं. डीएनएस नीट हवं. पासवर्ड उघड्यावर जाऊ नये म्हणून टीएलएसचं प्रमाणपत्र हवं. शक्यतो सगळा डेटा मावेल इतकी रॅम हवी. बॅकअप हवा, आणि तो एकदा तरी परत भरून पाहिलेला हवा. हे सारं कुठलाही बरा कंत्राटदार करून देतो. तुमच्याकडची माणसं आपलं नाव कसं लिहितात, हा प्रश्न मात्र मी एकाही कंत्राटदाराच्या तोंडून ऐकलेला नाही.

माझ्या मते तांत्रिक गरजांच्या यादीत तो पहिला असायला हवा.

या सगळ्या डिरेक्टऱ्यांचं मूळ १९८८ साली आलेल्या एक्स ५०० या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. ते अवजड होतं, म्हणून मिशिगन विद्यापीठात त्याची हलकी आवृत्ती तयार झाली. तीच एलडॅप. तिच्या मानकात ‘व्यक्ती’ नावाचा एक साचा आहे आणि त्यात दोन रकाने सक्तीचे आहेत : एक नाव, एक आडनाव. आडनाव रिकामं ठेवलं तर सर्व्हर ६५ क्रमांकाची चूक दाखवून नोंद परत पाठवतो. टेलिफोनच्या जाड डिरेक्टरीत आडनावावरून माणूस शोधायची जी सवय होती, ती इथे नियम होऊन बसलेली दिसते.

आता आपल्याकडची नावं पाहा. पश्चिम महाराष्ट्रात मुलाणी, बागवान, तांबोळी, अत्तार. कोकणात परकार, मुकादम, दळवी. ही नावं साच्यात निमूट बसतात. मराठवाड्यात आणि विदर्भात आलात की ‘शेख सलीम शेख युनूस’ सुरू होतं. शेख आधी, मग स्वतःचं नाव, मग पुन्हा शेख आणि वडिलांचं नाव. फॉर्ममधून नाव उचलणारी स्क्रिप्ट पहिला शब्द नावाच्या रकान्यात टाकते आणि शेवटचा आडनावाच्या. झालं! मुलाचं नाव शेख, आडनाव युनूस. त्याच्या वर्गात आणखी बाराजणांचं नाव शेख. ईमेल येतो, ‘प्रिय शेख’. मोहम्मद नावाच्या मुलांना ‘प्रिय मो.’ असाही येतो, टिंबासकट. मुलीच्या नावापुढे ‘बी’ किंवा ‘खातून’ असेल तर तेच तिचं आडनाव ठरतं, आणि सख्ख्या भावाबहिणींची आडनावं कागदोपत्री वेगळी होतात.

हा फक्त मुसलमानांचा प्रश्न नाही. एकच नाव लावणारे कितीतरी तमिळ लोक मुंबई-पुण्यात नोकरी करतात. जात कळू नये म्हणून ठरवून आडनाव सोडणारे, आईवडिलांची नावं लावणारे मराठी तरुण आहेत. त्यांनी विचारपूर्वक टाकलेली गोष्ट सर्व्हर परत मागतो.

गंमत अशी की, मायक्रोसॉफ्टनं आपल्या साच्यात आडनावाची सक्ती ठेवलेली नाही. लायसन्सचा खर्च वाचवायला एखादी संस्था तिथून ओपनएलडॅपकडे वळते तेव्हा आडनाव नसलेल्या नोंदी पटापट नाकारल्या जातात. मग घाईत असलेला माणूस त्या रकान्यात रेघ मारतो, टिंब देतो, नाहीतर स्वतःच्या अंदाजानं ‘खान’ भरतो. मी पाहिलेल्या एका संस्थेत असं अंदाजानं भरलेलं आडनाव पुढे ओळखपत्रावर छापलं गेलं, आणि ते दुरुस्त करायला त्या मुलाकडूनच प्रतिज्ञापत्र मागितलं गेलं. नावातल्या एका अक्षराच्या फरकापायी कचेऱ्यांच्या किती फेऱ्या होतात, हे आपल्या घरांत वेगळं सांगायला नको.

खिडकीपलीकडून उत्तर ठरलेलं असतं : ‘सिस्टम घेत नाही.’ या वाक्याला माझा आक्षेप आहे. सिस्टम बरंच काही घेते. एकच नाव असेल तर तेच आडनावाच्या रकान्यातही लिहिता येतं. मानकाची अट पूर्ण होते आणि खोटं काही भरावं लागत नाही. शिवाय २००० सालापासून एलडॅपच्या साच्यात ‘दाखवायचं नाव’ असा स्वतंत्र रकाना आहे. त्यात ‘शेख सलीम शेख युनूस’ जसंच्या तसं ठेवा, आणि ओळखपत्र, ईमेल, हजेरीपट यांनी फक्त तोच रकाना वाचावा अशी ताकीद द्या. ओपनएलडॅपमध्ये नावाच्या एकाच रकान्यात अनेक किमती ठेवता येतात, म्हणजे शेखची रोमन लिपीतली तिन्ही-चारही स्पेलिंगं एकाच माणसाखाली नोंदवता येतात आणि कुठल्याही स्पेलिंगनं शोधलं तरी तो सापडतो. देवनागरीही चालते, मराठी नावाला ‘मराठी’ अशी खूण लावायची सोय मानकात १९९९ सालापासून आहे. फारच थोड्या ठिकाणी ती वापरात दिसते.

खरा घोळ नोंदीच्या पत्त्यात होतो. डिरेक्टरीतल्या प्रत्येक नोंदीला झाडाच्या फांदीसारखा पत्ता असतो. पुष्कळ जण तो माणसाच्या नावावरूनच बनवतात. एकाच विभागात दोन सलीम शेख आले की दुसऱ्याला ६८ क्रमांकाची चूक : नोंद आधीच आहे. मग तो ‘सलीम शेख २’ होतो आणि निवृत्तीपर्यंत दोनच राहतो. अॅक्टिव्ह डिरेक्टरीत जुन्या पद्धतीच्या लॉगिन नावाला वीस अक्षरांची मर्यादा आहे. रोमन लिपीत मोहम्मद अब्दुर्रहमान लिहून मध्ये टिंब दिलं की वीस अक्षरं संपतात. आडनावाला जागाच नाही.

त्याहून वाईट म्हणजे नाव बदलण्याची वेळ. लग्नानंतर म्हणा, की जुनी चूक गॅझेटमध्ये दुरुस्त करून घेतल्यावर म्हणा, एखादी बाई नवं नाव घेऊन येते. नोंदीचं नाव बदललं की पत्ता बदलतो. पण गटांच्या याद्यांत तिचा जुना पत्ताच लिहिलेला असतो. अॅक्टिव्ह डिरेक्टरी हे संदर्भ आपोआप सांभाळते. ओपनएलडॅप आणि ३८९ मध्ये त्यासाठीची सोय आहे, पण ती चालू करावी लागते. नाही केली, तर त्या बाईचा पासवर्ड चालतो आणि बाकी सगळं बंद होतं : ग्रंथालय नाही, पगाराची स्लिप नाही, विभागाचं फोल्डर नाही. तिला वाटतं आपण नाव बदललं हेच चुकलं.

म्हणून पत्ता नावावर बेतू नये. प्रवेश क्रमांक किंवा नोकरीतला कायमचा क्रमांक घ्यावा. दरवर्षी बदलणारा रोल नंबर नको. नाव माणसासाठी राहू द्या, क्रमांक यंत्रासाठी. यावर ‘माणसाला नंबर करून टाकता’ अशी तक्रार मी ऐकली आहे. माझा अनुभव उलटा आहे. यंत्राला क्रमांक दिला की ते माणसाच्या नावाला हात लावत नाही.

एक गोष्ट शोधाबद्दल. ओपनएलडॅप मुळात एका शोधात ५०० च नोंदी देतं, पुढचं कापतं. मोठ्या विद्यापीठात शेख आडनाव शोधा, ही मर्यादा सहज ओलांडली जाते. सर्व्हर तसं कळवतो, पण वरचं अॅप ते कळवणं गिळून टाकतं आणि पाचशे एकावा शेख अस्तित्वातच नाही असं समजतं. मर्यादा नुसती वाढवून भागत नाही. निकाल पानापानानं मागवायची सोय आहे, अॅपनं ती वापरायला हवी.

तुमच्या संस्थेत नवी डिरेक्टरी येणार असेल आणि खरेदी समितीवर तुम्ही असाल, तर कंत्राटदाराला पैसे देण्याआधी पाच नोंदी समोर करून दाखवायला सांगा. एक, फक्त ‘फातिमा’. दोन, एकाच विभागात दोन सलीम शेख. तीन, शेख सलीम शेख युनूस, आणि त्याचं ओळखपत्र छापून. चार, देवनागरीत लिहिलेलं नाव, देवनागरीतच शोधून. पाचव्या नोंदीत एका बाईचं नाव बदला, तिला बाहेर काढा आणि पुन्हा लॉगिन करून पगाराची स्लिप उघडायला लावा.